दोन छत्र्या, एक वाक्य

...आणि वर मलाच विचारतात, "सेलेदोनिओ, तू जरा निवांत का बसत नाहीस?" अहो, बसू कुठे? सहा दिवस, तुम्हाला सांगतो, सहा दिवसांत नऊ पुळणींवर खुर्ची मांडली आणि नऊ पुळणींवरून उचलली, शेवटी शेवटी तर ती खुर्ची उघडायच्या आधीच मिटायला लागली, तिलाही कळून चुकलं बिचारीला! आणि हे सगळं कशापायी? एका वाक्यापायी. तीन शब्दांचं वाक्य, वेळेवर बोललो असतो ना, तर आत्ता मी बारमध्ये सावलीत बसून लोकांच्या टोप्यांना नावं ठेवत असतो. पण नाही बोललो. शहात्तर वर्षांचा घोडा, तोंडात सगळे दात स्वतःचे... बरं, बरेचसे... पण ते वाक्य काही दातांचं कुंपण ओलांडेना.

आता जुलै लागला की आमच्या गावात पहिल्या ओळीचं काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच असेल. नसेल, तर तुम्ही दुसऱ्या ओळीतले! पहाटे साडेपाचला नवऱ्याने जायचं, पाण्याच्या कडेला छत्री रोवायची, खुर्ची तिला टेकवायची, घरी येऊन कॉफी, टोमॅटो चोळलेला पाव, परत तासभर डुलकी, आणि दहा वाजता बायकोने राणीसारखं उतरायचं. छत्री रोवली की जागा तिची, खाली कुत्रं बसलेलं नसलं तरी तिची. नगरपालिकेने मनाईचा मोठा फलक लावलाय, नाही असं नाही, आम्ही त्याच्यावर टॉवेल वाळत घालतो. एक वेळ दुसऱ्याच्या बायकोला डोळा मारलात तर आमच्या गावात माफी आहे. दुसऱ्याच्या छत्रीला हात लावलात तर नाही.

माझी बायको विर्तूदेस आणि तिची मैत्रीण पात्रो. सत्तावीस उन्हाळे शेजारीशेजारी. विर्तूदेस फळ्यांच्या वाटेला अगदी लागून, पात्रो तिच्या डाव्या हाताला. मध्ये अंतर किती? एक हात. तुम्ही म्हणाल, एका हाताने काय होतंय? असं म्हणणारा माणूस एक तर परगावचा, नाही तर बिनलग्नाचा! अहो, त्या फळ्यांच्या वाटेवरून सगळं गाव पाण्याकडे जातं. कोणाचा जावई आला, कोणाची सून आलीच नाही, डॉक्टरने कोणाला मीठ बंद केलं, सगळी बातमी आधी माझ्या बायकोपाशी थांबते, आणि मग विर्तूदेस ती नीट चघळून, बिया काढून, पात्रोला देते. म्हणजे एक हात नव्हे हो ते, ते सिंहासन आहे!

आणि त्या पहाटे मला कसली खाज सुटली कोण जाणे. खोड्या काय आयुष्यभर केल्यात. बाराव्या वर्षी पाद्रीबाबांच्या बुटात खेकडा ठेवला, चाळिसाव्या वर्षी परत ठेवला, नवे पाद्रीबाबा आले होते म्हणून. पण त्या खोड्या परक्यांच्या. ही पडली घरात. बघतो तर पुळणीवर चिटपाखरू नाही, आमची कलिंगडी छत्री मी नुकतीच रोवलेली, आणि शेजारी पात्रोच्या नवऱ्याने, फर्मीनने, रोवून ठेवलेली ती पिवळी, बिअरवाल्याने फुकट दिलेली. म्हटलं, इकडची तिकडे, तिकडची इकडे. बस्स. दोन मिनिटांचं काम. मग दहाला बारमध्ये खिडकीतली जागा धरली, कॉफी मागवली आणि बसलो मजा बघत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त मी दोन्ही हात दाखवले.

विर्तूदेस उतरली. थबकली. तेवढ्यात पात्रो उतरली. तीही थबकली.

"पात्रो, तुझं छप्पर माझ्या जागेत काय करतंय?"

"मी तेच विचारणार होते. तुला माझी जागा एवढी आवडते हे माहीत नव्हतं, विर्तू."

"तुझी जागा? अगं, तुझ्या जागेवर बसून मला काय बातमी मिळणार, मासळीची?"

"म्हणजे सत्तावीस वर्षं मी तुझं उष्टं ऐकते, असंच ना?"

"उष्टं तरी चवीचं असतं! तुझ्या बटाट्याच्या आमलेटासारखं नसतं, कांदा घातलेलं!"

संपलं! आता कांदा निघाल्यावर काय राहिलं? आमच्याकडे आमलेटात कांदा घालणारे आणि न घालणारे एका चर्चमध्ये बसतात, पण वेगवेगळ्या बाकांवर. पात्रो म्हणाली, निदान माझं गार टोमॅटोचं सूप चमच्यात थांबतं, तुझं तर स्ट्रॉने प्यावं. पहिली ओळ उठून उभी राहिली, दुसरी ओळ पुढे सरकली, फर्मीन बिचारा वर्तमानपत्रात डोकं घालून शब्दकोडं सोडवतोय असं दाखवत होता, आणि तेही उलटं धरून! दीड तास, तुम्हाला सांगतो, दीड तास चाललं! इतका हसलो, इतका हसलो, की कॉफी नाकातून आली.

पण मग विर्तूदेस वर आली. खुर्ची काखेत, छत्री खांद्यावर, तोंड असं की बारमधला रेडिओसुद्धा आपोआप हळू झाला. मला म्हणाली, "सेलेदोनिओ, या वाळूत मी परत पाय ठेवणार नाही. मला दुसरा समुद्र शोधून दे. सहा दिवस देते. नाही मिळाला मनासारखा, तर मी चालले अल्बासेतेला, बहिणीकडे. कायमची."

अल्बासेते! अहो, तिथे समुद्र नाही! तिथे सुऱ्या बनवतात! पन्नास वर्षं एका ताटात जेवलेली बाई सुऱ्यांच्या गावी निघते म्हणजे काय समजायचं? माझी कॉफी नाकातच थिजली. आणि तेव्हाच बोलायचं होतं. "छत्र्या मी बदलल्या." तीन शब्द. बोललो काय? म्हणालो, "गाडीत पेट्रोल भरून आणतो."

पहिला दिवस, दक्षिणेकडे. म्हटलं, हिला माणसांचा कंटाळा आलाय, निर्मनुष्य पुळण दाखवू. कड्याखाली एक आहे, फार सुंदर म्हणतात, असं म्हणणारे सगळे पंचविशीतले असतात हे मी विसरलो. वाट शेळ्यांची, आणि शेळ्याही तिथे विचार करून उतरतात. माझ्या पाठीवर छत्री, दोन्ही हातांत दोन खुर्च्या, गळ्यात बर्फाचा डबा, आणि काखेत कलिंगड... कलिंगड कशाला? अहो, कलिंगडाशिवाय समुद्रावर जातं का कोणी, आम्ही काय रानटी आहोत? शेवटचा टप्पा दोरखंडाचा. दोर धरला की कलिंगड सुटतं, कलिंगड धरलं की मी सुटतो. तेवढ्यात खालून आवाज, "आजोबा, टाका इकडे, मी झेलतो!" बघतो तर एक पोट सुटलेले, चष्मा लावलेले, अत्यंत सभ्य गृहस्थ, आणि त्या चष्म्याव्यतिरिक्त अंगावर काही नाही. काही म्हणजे काही नाही! सारागोसाचे होते, कुठल्याशा कचेरीत साहेब. कलिंगड झेललं त्यांनी आणि दोन्ही हातांनी पुढ्यात धरलं, मी म्हटलं, धरूनच ठेवा हो साहेब, घाई नाही.

त्यांच्यामागे आख्खी पुळण तशीच. मी आकाशाकडे बघत खुर्च्या मांडल्या. आणि विर्तूदेस? विणकाम काढलं, साहेबांच्या बाईसाहेबांना म्हणाली, "बाळ, खांदे भाजतायत तुझे, तेल लाव," आणि दोन तास सुनांवर बोलत बसली! पाणी असं निळं, तळाचा खडा न् खडा मोजावा. मी म्हटलं, विर्तू, काय समुद्र आहे गं! तिने पाण्याकडे बघितलं, टाका घातला आणि म्हणाली, "समुद्र बरा आहे, पण..."

"पण काय?"

"पण यांच्याकडे बघून कोणाचा कोण ते कळत नाही. कपड्यांवरनं निदान घराणं तरी समजतं."

उचला खुर्च्या! वर चढताना, तुम्हाला सांगतो, तीनदा ते वाक्य ओठांवर आलं. "छत्र्या मी..." आणि धाप लागली. देवानेच धाप लावली म्हणायची.

आणि संध्याकाळी काय, तर आमच्या मुक्कामाच्या खोलीबाहेर जाऊन ही फोनवर बोलतेय. दार लावून. मी कान लावला. बहिणीशीच बोलत असणार, दुसरं कोण? आणि हसतेय! चोराच्या मनात चांदणं, माझ्या मनात तर आख्खी पौर्णिमा. म्हटलं, झालं, तिकडे खोली झाडून ठेवायला सांगतेय, खिडकी कुठल्या बाजूला हवी ते ठरतंय. झोप उडाली माझी.

दुसऱ्या दिवशी मासेमाऱ्यांचं गाव. काळे गोटे, जाळी वाळत घातलेली, आणि दारादारांत म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसलेल्या, पाठ समुद्राकडे! सगळ्या! मी म्हटलं, "आजी, उलट्या बसलात काय?" एक माझ्याहून धाकटीच असेल, मला म्हणते, "समुद्र काय बघायचाय, आजोबा? तो कुठे पळून चाललाय? नजर रस्त्यावर ठेवावी, माणसं पळतात." वाटलं, हिला कोणी सांगितलं! विर्तूदेसला मात्र त्या इतक्या आवडल्या, खुर्ची त्यांच्या ओळीत, पाठ समुद्राकडे, मी मनात म्हटलं, मेणबत्ती लावतो चर्चमध्ये, सुटलो! तासाभराने आली. "समुद्र बरा आहे, पण..."

"अगं, पण तू समुद्राकडे पाठ करून बसली होतीस!"

"म्हणूनच बरा आहे. पण यांचं सगळं एकमेकींना सांगून झालंय, सेले. मला माझ्या बाळंतपणापासून सुरुवात करावी लागेल. या वयात वेळ कुठे पुरायचा?"

उचला! तिसऱ्या दिवशी एके ठिकाणी समुद्राचं पाणी थोपलेलं आणि काठाला काळा चिखल, हाडांना चांगला म्हणून लोक अंगाला फासून उन्हात उभे राहतात. आम्हीही फासला. आता सगळे काळे, सगळे सारखे, पुतळ्यासारखे उभे, वाळेपर्यंत हसायचं नाही, तडे जातात. मी पाऊण तास भलत्याच बाईची समजूत घालत होतो! "रागावू नकोस गं, तुझ्यासारखी दुसरी नाही." ती म्हणाली, "मी कार्ताखेनाची आहे, पण बोलत राहा." विर्तूदेस मागे उभी. हसली नाही. पण तिच्या गालावरचा चिखल तडकला होता, हे मी बघितलं. वाटलं, दुःखाने.

चौथा दिवस मोठ्या हॉटेलचा. भाच्याने सांगितलं होतं, मामा, मनगटाला पट्टी बांधतात, मग खा किती खायचं ते. बांधली पट्टी. गुरांच्या बाजारात माझ्या आजोबांनी खेचराला बांधली होती तशीच. चौदा मजले, आणि जातायेता भिंतीला हात लावायची मला सवय, जन्मभर गिलावा केलाय मी, हात आपोआप जातो. टकटक केलं तर आतून पोकळ! मी शेजारच्या माणसाला म्हटलं, "हा गिलावा तीन हिवाळे टिकणार नाही." तो घाबरून नाश्ता सोडून गेला. बरं, पुळणीवर गवताच्या छत्र्या, सिमेंटमध्ये पक्क्या, प्रत्येकीला नंबर. नंबर! भांडण नाही, पहाट नाही, कोणी कोणाची जागा घेऊच शकत नाही. मला इतकं उदास वाटलं, काय सांगू. तेवढ्यात एक जण कर्णा घेऊन ओरडायला लागला, "चला, चला, आजी-आजोबा, फेसात नाच!" आणि वरून फेस सोडला गळ्यापर्यंत, मला कोणीतरी हाताला धरून पंधरा मिनिटं नाचवलं, अजून माहीत नाही ते कोण होतं. चिखल तरी खाली उतरतो हो, फेस कानात जातो!

विर्तूदेस सहाव्यांदा कोळंबी वाढून घेऊन आली. "समुद्र बरा आहे, पण..."

"पण काय, माझी आई, पण काय?"

"पण कुठे आहे तो? मी आल्यापासून पोहण्याचे तलावच बघतेय."

खरंच! तीन तलाव, दोन बार आणि एक बाग ओलांडली की समुद्र. बिचारा मागच्या दाराने आलेल्या पाहुण्यासारखा उभा होता.

आणि रोज संध्याकाळी फोन! रोज ते हसणं! पाचव्या दिवशी तर बाहेरून स्पष्ट ऐकू आलं, "हो गं, उद्या शेवटचा दिवस." मंडळी, तुम्ही हसताय, हसा, सावलीत बसून हसायला काय जातंय! पण माझ्या जागी येऊन बघा. पन्नास वर्षं जिच्या घोरण्यावर घड्याळ लावलं, ती जाणार. आणि जाणार कशासाठी, तर मैत्रीण दगाबाज निघाली म्हणून. आणि मैत्रीण दगाबाज नव्हतीच, दगाबाज हा इथे बसलाय, कानातला फेस काढत! एक वाक्य. भित्रा कुठला. कड्यावरून कलिंगड घेऊन उतरेन, पण ते नाही बोलणार.

सहाव्या दिवशी वाळूच्या टेकड्यांमागची लांबलचक पुळण. एक माणूस नाही, कपड्यातला नाही की बिनकपड्यातला नाही. भातावर मासे घालून केलेला डबा खाल्ला, कलिंगड कापलं. विर्तूदेस पाण्याकडे एकटक. आणि मग तोंड फिरवून तिने रुमाल डोळ्यांना लावला, आणि खांदे हलायला लागले तिचे.

गेलो मी. विरघळलो. म्हटलं, मरू दे, अल्बासेतेला जायचं तर खरं ऐकून तरी जाऊ दे. "विर्तू," म्हटलं, "पात्रोची चूक नाही. छत्र्या मी बदलल्या."

खांदे थांबले. रुमाल खाली आला. आणि डोळे कोरडे! म्हणजे ओले होते, पण हसण्याने!

"माहितीये," म्हणाली.

"माहितीये? कधीपासून?"

"छत्रीपाशी पोचले तेव्हापासून. अरे, आख्ख्या पहिल्या ओळीत नव्वद छत्र्या, सगळ्या दारुड्यासारख्या कललेल्या, आणि त्यात दोनच ओळंब्यात! सरळ, मेणबत्तीसारख्या! आणि बुडाशी वाळू ओली करून, थोपटून, तळव्याने गुळगुळीत केलेली. फर्मीनने आयुष्यात एक खिळा सरळ ठोकलाय का? तूच, सेलेदोनिओ. तुला वाळूलाही गिलावा केल्याशिवाय चैन पडत नाही. पात्रोनेही आल्या आल्या ओळखलं. मला डोळा मारला."

"आणि ते... ते दीड तास भांडण?"

"तू खिडकीत बसला होतास ना? म्हटलं, तुझी कॉफी वाया का घालवावी."

"आणि कांदा?"

"कांद्याचं खरं होतं," म्हणाली. "ते सत्तावीस वर्षं मनात होतं. तिच्या मनात माझं पाणचट सूप होतं. दोघींना फार मोकळं वाटलं."

आणि फोन? पात्रोलाच! रोज संध्याकाळी माझा दिवस तिला ऐकवला जात होता, कलिंगडापासून फेसापर्यंत, चघळून, बिया काढून! फर्मीनलासुद्धा लाऊडस्पीकरवर! मी म्हटलं, अगं, पण का? सहा दिवस मेलो ना मी! तर काय म्हणाली ऐका. "पन्नास वर्षं म्हणतेय, सेले, मला किनारा दाखव. इथून पुढे काय आहे ते बघू दे एकदा. तू म्हणायचास, पाणी सगळीकडे ओलंच असतं. कधी नेलंस? मनात चोर बसला तेव्हाच चाकं फिरली तुझी. मग म्हटलं, बसू दे चोराला थोडं."

आयुष्यभर गावाला टोप्या घातल्या आणि माझ्या डोक्यावर ही आख्खी छत्री! मान्य केलं. म्हटलं, विर्तूदेस, जिंकलीस. चल घरी.

"घरी? अजून पश्चिमेचा किनारा आख्खा राहिलाय," म्हणाली, "थेट पोर्तुगालपर्यंत. नको असेल तर राहू दे. पात्रो उद्या दहा वाजता फळ्यांच्या वाटेवर बसून पहिल्या ओळीला सांगेल, छत्रीला हात कोणी लावला ते."

नव्वद छत्र्या, मंडळी! नव्वद छत्र्या आणि त्यांच्याखालच्या नव्वद बायका! म्हटलं, पोर्तुगाल चांगला आहे म्हणतात.

रात्री धुतलेले कपडे घ्यायला घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला खाली उतरलो, गाडीचं दार उघडलं, तर मागच्या सीटवर पात्रो. मांडीवर आमलेटाचा डबा, कांद्याचा वास गाडीभर. मी म्हटलं, "पात्रो, अगं, फर्मीन?" म्हणाली, "त्याला म्हटलं, तू इथेच बस, जागा सांभाळ." म्हणजे बघा, फर्मीन! शब्दकोडं घेऊन, सबंध पहिल्या ओळीत, दोन माणसांच्या जागेत एकटा, पाय पसरून! ज्याने काही केलं नाही त्याला सगळं मिळतं, लिहून ठेवा.

तर आता महिनाभर असा आहे. पोर्तुगालपर्यंत कुठल्याही पुळणीवर दोन छत्र्या, तीन खुर्च्या, बर्फाचा डबा आणि एक कलिंगड चालत येताना दिसलं, तर त्याच्याखाली मी असेन. खुशाल हात करा. मी उलटा हात केला नाही तर राग मानू नका, मोकळा हात तो कुठे राहिलाय!